पाचवा संघ

बालाघाट कर्लिंग क्लब संघ, मुख्य कार्यालय तुळजापूर. मुख्य कार्यालय म्हणजे आमच्या घराच्या जिन्याखालची जागा. तिथं पूर्वी शारदाची गव्हाची कोठी असायची. आता बत्तीस लोखंडी दगड, वीसेक झाडू आणि एक रबरी शिक्का असतो. शारदा माझी बायको. तिची कोठी तेव्हापासून स्वयंपाकघरात आहे आणि येता-जाता मला लागते. मी या संघाचा सरचिटणीस. बारा वर्षं झाली. अध्यक्ष आहेत, उपाध्यक्ष आहेत, त्यांची नावं लेटरहेडवर ठळक आहेत. लेटरहेड छापून आणायला मात्र मीच जातो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तो वाळाही मीच घासायचा.

कर्लिंग हा बर्फावरचा खेळ आहे हे मला ठाऊक आहे. ते मला धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेक प्रत्येक माणसानं एकदा तरी सांगून झालं आहे. "सर, बर्फ कुठंय?" असं विचारून लोक हसतात आणि आपणच हा विनोद पहिल्यांदा केला अशा चेहऱ्यानं माझ्याकडं बघतात. आमच्याकडं बर्फ रसवंतीवाल्याकडं असतो, गोणपाटात गुंडाळलेला. पण या खेळाचा फरशीवरचाही प्रकार आहे. मी शाळेत खेळाचा मास्तर होतो तेव्हा पुण्याच्या शिबिरात तीन दिवस तो शिकून आलो. डोक्यात एवढंच होतं की खो-खोत आपल्या पोरींना उभं राहायला जागा नाही, इथं निदान रांग तरी नाही.

खेळ सोपा आहे. लांब फरशीच्या एका टोकाला रिंगण आखायचं. दुसऱ्या टोकावरून मूठ असलेला जड दगड सरपटत सोडायचा. एका संघात चार जण. दगड चालू लागला की दोघांनी त्याच्या पुढं पुढं झाडूनं फरशी झाडत पळायचं, म्हणजे तो लांब जातो. शेवटी ज्याचा दगड रिंगणाच्या मध्याला जवळ, तो जिंकला. आमचे दगड जळकोटच्या बिराप्पानं बनवले. त्याचं हायवेवर वेल्डिंगचं दुकान आहे. लोखंडाच्या ताटलीखाली त्यानं बारीक छर्रे बसवून दिले आणि स्वतःच जळकोट क्लबचा कॅप्टन झाला. फरशीवर कॅरमची पावडर टाकायची. फरशी मंगल कार्यालयाची. म्हणून आमची वार्षिक स्पर्धा कायम पौषात, कारण पौषात लग्नं नसतात आणि कार्यालयवाला नाही म्हणत नाही. बाकीच्या खेळांना हंगाम असतो, आम्हाला मुहूर्त नसलेला महिना आहे.

या खेळाला पंच नाही. नियमच आहे की आपली चूक आपण सांगायची. आम्हाला तो सोयीचाही पडला, कारण पंच व्हायला कोणी मिळतच नव्हतं. धावत्या दगडाला झाडू लागला, पाय लागला, पदर लागला, की ज्याचा लागला त्यानं हात वर करायचा, "शिवला" म्हणायचं आणि दगड आपल्या हातानं उचलून भिंतीशी ठेवायचा. समोरच्यानं पाहिलं असलं तरी ओरडायचं नाही. पहिल्या वर्षी निम्मे सामने याच्यावरूनच मोडले. आपली चूक आपण सांगायची म्हणजे काय, हे मी पोरांना समजावून थकलो. ती मला म्हणायची, सर, मग समोरचा जिंकंल की.

ते समजलं एका बाईला. कस्तुराबाई. अणदूरची, शेतकरी घरातली, तेव्हा पंचावन्न-छप्पन्नची असेल. नात सृष्टी दहा-बारा वर्षांची, तिला सरावाला सोडायला यायची आणि भिंतीशी बसून राहायची. एकदा एका पोराचा पाय दगडाला लागला आणि ते तसंच पळत राहिलं. कस्तुराबाई बसल्या जागेवरून ओरडली, "आरं, शिवला की!"

मी म्हणालो, "बघणाऱ्यांनी बोलायचं नसतं, कस्तुराबाई."

"मग खेळनाऱ्यानं तर बोलावं का न्हाय?"

पुढच्या आठवड्यात ती स्वतः झाडू घेऊन उभी. "घरी झाडायचं, गोठ्यात झाडायचं, आन हितं येऊनबी झाडायचंच व्हय?" असं म्हणत तिनं पदर खोचला आणि दगडापुढं अशी पळाली की बिराप्पा बघतच राहिला. अणदूरच्या खंडोबाची मूर्ती वर्षातला काही काळ नळदुर्गाला जाते, तेव्हा दोन्ही गावं बसून लेखी करार करतात. जिथं देवालासुद्धा तोंडी न्यायचं नाही, तिथली ही बाई. नियम म्हटल्यावर तिला त्यात वाकडंतिकडं काही दिसायचंच नाही. एकदा खेळाबाहेर गेलेल्या दगडाला तिचा पदर लागला, तरी तिनं हात वर केला. मी म्हणालो, अहो, तो दगड आता खेळात नाही. ती म्हणाली, "आसू द्या. शिवला त्ये शिवला." तिच्याकडं बघून बाकीचे लाजून हात वर करायला लागले. आमच्या संघाला एक रीत लागली ती अशी. माझ्या शिकवण्यानं नाही.

तर गेल्या वर्षी मार्गशीर्षात राज्य संघटनेचं पत्र आलं. वार्षिक स्पर्धेला निरीक्षक येतील. ज्या विभागाचे किमान पाच क्लब प्रत्यक्ष मैदानात उतरणार नाहीत, त्याची मान्यता रद्द. आणि रद्द झालेल्या विभागाची प्रमाणपत्रं पडताळणीत धरली जाणार नाहीत.

पत्र वाचून मी ते कोठीवर ठेवलं आणि चहा प्यायलो. मान्यता गेली असती तर मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखंच झालं असतं. बारा वर्षं दगड वाहून माझी कंबर गेली आहे. पण सृष्टी होती. ती आता अणदूर क्लबची कॅप्टन. राज्य स्पर्धेत तिचा संघ दुसरा आला होता, तिथं ती खरोखर खेळली होती, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या जोरावर क्रीडा कोट्यातून तिची लिपिक म्हणून निवड झाली होती, यादीत नाव लागलं होतं. राहिली होती फक्त प्रमाणपत्राची पडताळणी. त्या घरात सरकारी नोकरी आजवर कुणाला लागलेली नाही. तिचा बाप बब्रुवान रस्त्यात भेटला की आधी माझ्या पाया पडायचा आणि मग बोलायला लागायचा. मला त्याचा कंटाळा यायचा आणि बरंही वाटायचं.

क्लब कागदावर पाच होते. तुळजापूर, अणदूर, जळकोट, नळदुर्ग आणि ईट. त्यातला ईटचा क्लब दोन वर्षांपूर्वी संपला होता. ईट जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भूम तालुक्यात. तिथं गोरोबा नावाचे गुरुजी होते, त्यांनी आठ बायका उभ्या केल्या होत्या. गुरुजींची बदली झाली आणि क्लबही गेला. मी त्यांना फोन लावला.

"सर, माणसं कुठली आता?" ते म्हणाले. "दोघी पुण्याला गेल्या, एकीला बाळ झालं, गिरिजाबाई वारल्या. जर्श्या आहेत माझ्याकडं. धुऊन ठेवल्यात."

"पाठवून द्या," मी म्हणालो. एवढं बोललो तेव्हाच काय ते ठरलं होतं. बाकी सगळं नुसतं करायचं राहिलं होतं.

हिरव्या जर्श्या आल्या. आता आत घालायला माणसं हवी होती. बिराप्पा त्याची बायको लक्ष्मम्मा आणि भावजय द्यायला तयार झाला. तिसरी शारदा. तिला मी विचारलं तेव्हा ती भाजी निवडत होती.

"ईट कुठं आलं तेवढं सांगून ठेवा. कुणी विचारलं तर दिशा तरी बरोबर दाखवीन," ती म्हणाली.

चौथी हवी होती ती झाडूवाली. इतर तिघींना धड खेळता येत नव्हतं आणि निरीक्षकापुढं हसं झालं असतं. जिल्ह्यात एकच अशी होती की जी तीन अडाण्यांना घेऊन संघासारखा संघ दाखवू शकेल. मी कस्तुराबाईला म्हणालो, "यंदा एक संघ अपुरा पडतोय. तुम्ही अणदूरकडून न खेळता हिरव्या जर्सीत खेळा." बस्स, इतकंच. निरीक्षक कशाला येतोय, ईट का, आणि सृष्टीच्या नोकरीचा याच्याशी काय संबंध, यातलं काहीच सांगितलं नाही. बब्रुवान म्हणाला होता, "मायला सांगू नगा, सर. सांगितलं तर ती याचीच न्हाय." सृष्टीलाही ते पटलं. आम्ही तिघं शहाणे होतो. जी बाई बिनपंचाच्या खेळात आपल्या पदराची चूक सांगते, तिलाच आम्ही खोट्या संघात उभं केलं, आणि ते खोटं आहे हेही तिच्यापासून लपवलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. आम्ही भांडंच ताकवालीच्या हातात दिलं.

स्पर्धा अणदूरच्याच मंगल कार्यालयात होती. निरीक्षक शंतनू नावाचा, चाळिशीचा, पुण्याहून आलेला. सकाळी उतरला तेव्हाच त्याचे डोळे लाल होते. हा त्याचा अकरावा विभाग, असं म्हणाला. बोलणं मऊ होतं. त्यानं पाच संघ मोजले, यादीवर बरोबरच्या खुणा केल्या आणि खुर्ची ओढून बसला. ईटच्या यादीत मी जुनीच नावं ठेवली होती. कस्तुराबाईच्या जागी गिरिजाबाई. वारलेल्या बाईचं नाव लिहिताना पेन अडलं नाही, हे मी सांगून ठेवतो.

दुपारी ईट आणि अणदूर समोरासमोर आले. एका बाजूला नात, एका बाजूला आजी. कार्यालयात गावातले लोक नव्हते, त्याची तजवीज मी आधीच केली होती. खेळ मात्र रंगला. लक्ष्मम्मा कशीही सोडायची आणि कस्तुराबाई झाडूनं तो दगड ओढून आणल्यासारखा रिंगणात आणायची. बरोबरी झाली. शेवटचा दगड हिरव्यांचा. लक्ष्मम्मानं तो सोडला, कस्तुराबाई वाकून झाडत पळत सुटली, पांढरी पावडर उडाली आणि दगड अणदूरच्या दोन दगडांच्या मधून जाऊन बरोबर मध्यावर थांबला. शंतनू खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागला. मीही वाजवल्या. पहिल्यांदाच मला वाटलं की निभावलं.

कस्तुराबाईचा हात वर होता.

"शिवला," ती म्हणाली. "झाडूची काडी लागली."

कुणीच पाहिलं नव्हतं. मीही नाही. तिनं वाकून मध्यावरचा दगड उचलला, भिंतीशी नेऊन ठेवला आणि पुन्हा येऊन हात वर करून उभी राहिली, कारण समोरच्या कॅप्टननं मान हलवेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, हेही मीच शिकवलेलं. समोरची कॅप्टन सृष्टी. ती गोंधळून माझ्याकडं बघत होती.

शंतनू रिंगणापर्यंत चालत आला. त्याचा चेहरा एकदम जागा झाला होता. "अकरा विभाग फिरलो, सर," तो मला म्हणाला. "नव्या कोऱ्या जर्श्या पाहिल्या, फोटो काढणारी माणसं पाहिली. हे कुठं नाही पाहिलं. यांचं नाव मी अहवालात लिहिणार." मग तिला म्हणाला, "मावशी, नाव काय तुमचं? ईटला कुणी शिकवलं तुम्हाला?"

हात वर असलेली कस्तुराबाई म्हणाली, "म्या ईटची न्हाय, सायेब. म्या हितली, अणदूरची. कस्तुराबाई माझं नाव. आन शिकवलं ह्या सरांनीच."

तिच्या आवाजात नुसता अभिमान होता. कौतुक चाललंय आणि त्यात सरांचाही वाटा असावा, एवढंच तिच्या मनात.

शंतनूनं यादी पाहिली. "इथं गिरिजाबाई आहे."

बिराप्पा पाठमोरा झाला. शारदा फरशीकडं बघायला लागली. मला वाटतं, एक श्वास घेण्याइतका वेळ माझ्याकडं होता. तेवढ्यात मला मान्यता दिसली नाही, संघ दिसला नाही. यादीतलं सृष्टीचं नाव दिसलं आणि त्याच्यावर मारलेली आडवी रेघ दिसली. मी शंतनूच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थोडं बाजूला घेतलं. पण फार बाजूला नाही. कार्यालय रिकामं होतं आणि रिकाम्या कार्यालयात आवाज घुमतो.

"वय झालंय हो त्यांचं," मी म्हणालो. "डोक्यावर परिणाम झालाय. माहेर अणदूरचं, म्हणून इथं आल्या की असं काहीतरी बोलतात. कधी नाव विसरतात, कधी गाव. काही कळत नाही त्यांना आता. खेळापुरतं तेवढं नीट असतं."

शंतनूनं माझ्याकडं पाहिलं. त्याला विश्वास ठेवायचा होता, ते मला दिसत होतं. पण तो वाईट माणूस नव्हता आणि आपलं काम करत होता. तो वळून सृष्टीला म्हणाला, "तू अणदूरची कॅप्टन ना? ओळखतेस का यांना? या तुमच्या गावच्या आहेत?"

सृष्टीनं आजीकडं पाहिलं नाही. "न्हाय, सर," ती म्हणाली. "न्हाय ओळखत."

तेव्हा कस्तुराबाईचा हात खाली आला. एकदम नाही. आधी कोपरातून वाकला, मग खांद्यातून, आणि मग ती झाडू उचलून भिंतीशी जाऊन बसली, बारा वर्षांपूर्वी बसायची त्याच बाजूला. तिला सगळं समजलं होतं. मी जे लपवलं होतं ते तिला आमच्या दोघांच्या दोन वाक्यांत कळलं होतं.

शंतनूनं सही केली. जाताना तिला वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाला, "सांभाळा त्यांना." मला लाज वाटली का? तेव्हा नाही. तेव्हा पाय दुखत होते आणि काम झालं होतं. लाज नंतर आली आणि अजून गेलेली नाही.

जीपमध्ये शारदा हिरवी जर्सी अंगात तशीच ठेवून बसली होती. तुळजापूरच्या घाटशिळेजवळ आलो तेव्हा म्हणाली, "माझ्याबद्दल पुढं-मागं काय सांगणार आहात, ते आत्ताच सांगून ठेवा. म्हणजे माझी तयारी राहील."

महिन्याभरात पडताळणी झाली. सृष्टी पेढे घेऊन आली, पाया पडली. पिशवीत हिरवी जर्सी होती, धुतलेली, चार घड्या केलेली. आजीनं परत पाठवली म्हणाली. मी विचारलं, आजी कशी आहे? तिनं पेढ्याच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली.

"आजीचं तसं थोडं झालंच होतं, सर. परवा दुधावर झाकण ठेवायची विसरली. तुमी त्या दिवशी बोललात त्ये काय अगदीच खोटं नव्हतं."

मी रोज दुधावर झाकण ठेवायचं विसरतो. शारदा रोज बोलते. पण मी पेढा तोंडात टाकला आणि मान हलवली. पोरगी आपल्याला झोप लागावी म्हणून काही बोलत असेल, तर तिची झोप मोडणारा मी कोण?

वर्ष गेलं. या पौषात पुन्हा अणदूरलाच स्पर्धा भरवली. आता तीन वर्षं निरीक्षक येणार नाही, त्यामुळे चारच संघ, ईट कागदावर. कस्तुराबाई नव्हती. नळदुर्ग आणि जळकोटच्या सामन्यात एका मुलीचा पाय दगडाला लागला. चांगलाच लागला, आवाज आला. दगडाची दिशा बदलली. मुलगी झाडत राहिली. बिराप्पानं पाहिलं, लक्ष्मम्मानं पाहिलं. हात कुणाचाच वर झाला नाही. सगळ्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मी पावडरचा डबा शोधायला लागलो. डबा माझ्या हातातच होता.

स्पर्धा आटोपल्यावर दगड जीपमध्ये चढवायला सांगून मी चालत बब्रुवानच्या घरी गेलो. दारात कस्तुराबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ओट्याच्या दोन पायऱ्यांना आता लाकडी फळकूट आडवं लावलं होतं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"म्या कुठं जाऊ नये म्हनून," ती म्हणाली. "खंडोबाला एकली जात व्हते. आता सून संगं आल्याबिगर जाऊ देत न्हायत. चुलीपाशी बसू देत न्हायत. औंदा हरभरा कोनत्या वावरात टाकायचा, त्येबी इचारलं न्हाय." ती शेंग सोलत राहिली. "चांगलं वागवत्यात. वाईट कुनी न्हाय. इचारत न्हायत तेवढं."

तिच्या बोलण्यात राग असता तर मला बरं झालं असतं. ती नुसती सांगत होती, एखाद्याला गावाकडची हकिकत सांगावी तशी.

"का असं?" मी विचारलं. कारण मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"तुमी सांगितलं की, सर. शिकलेलं मानूस. सायबाच्या समोर सांगितलं. घरात आधी नुसतं गप्प व्हते. मग सृष्टी म्हनाली, सर म्हनले त्ये खरंच हाय थोडं. मग सून म्हनाली. मग बब्रुवान." तिनं टोपलीतले दाणे चाळवले. "पोरीला तसं म्हनल्याबिगर कसं जमंल? न्हाय तर तिनं आजीला वळखलं न्हाय, आसं व्हतंय."

मी ओट्यावर तिच्यासमोर बसलो होतो. आत बब्रुवान कुणाशी तरी बोलत होता. मला त्या क्षणी इतका थकवा आला की वाटलं, आता एकच गोष्ट करायची आहे आणि ती करून घरी जाऊन पडायचं. बब्रुवानला हाक मारायची आणि सांगायचं: मी खोटं बोललो. तुझ्या आईला सगळं कळतं. माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते फळकूट काढ.

"मी सांगतो त्याला," मी म्हणालो. "आत्ता सांगतो." आणि बारा वर्षांच्या सवयीनं, माझं मलाही कळलं नाही, माझा उजवा हात वर गेला.

कस्तुराबाईनं टोपली बाजूला केली. पुढं वाकून तिनं माझं मनगट धरलं आणि हात खाली ओढून माझ्या गुडघ्यावर दाबून ठेवला. तिच्या हातात अजून झाडू ओढणाऱ्या बाईचा जोर होता.

"ऱ्हाऊ द्या," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरगी नोकरीत पक्की व्हायला आजून सालभर हाय. बब्रुवानच्या तोंडात तीळ भिजत न्हाय. गावभर झालं तर?"

"पण तुम्ही..."

"शिवला त्ये शिवला, सर. आता दगड उचलू नगा."

बब्रुवान बाहेर आला. मला बघून पाया पडायला वाकला, मग आईकडं आणि माझ्या मनगटावरच्या तिच्या हाताकडं बघून ओशाळला.

"काय म्हनत व्हती माय?" तो म्हणाला. "मनावर घिऊ नगा, सर. तिला आता काय कळत न्हाय. तुमाला तर म्हाईतच हाय."

कस्तुराबाईनं हात काढून घेतला आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. ती माझ्याकडं बघत होती. मी काय म्हणतो याची वाट बघत होती.

"होय," मी म्हणालो. "मला माहीत आहे."